बाळाला दात येताना: गार फडकं, लाळेरं आणि दातांवर फुकट येणारा आळ

आमच्याकडे पहिला दात दिसला नाही, वाजला. सासूबाई माझ्या लेकीला नाचणीचं सत्त्व भरवत होत्या आणि स्टीलचा चमचा तिच्या खालच्या हिरडीला लागून 'टक्' झालं. त्यांनी मुद्दाम पुन्हा एकदा वाजवून बघितला आणि मला हाक मारली, "अगं, ये लवकर, दात आलाय हिला!" त्याआधीचे सहा-सात दिवस ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुणीच धड झोपलं नव्हतं. त्या दिवसांत काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि सांगणारे मात्र खंडीभर होते. त्यातलं काय उपयोगी पडलं, काय अंगाशी येता येता राहिलं, ते पहिलटकरणींसाठी (आणि रात्री बाळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या बाबांसाठी) लिहून ठेवतेय.

१. आधी हिरडी बघा

बाळ मूठ तोंडात कोंबतंय आणि लाळ गळतेय म्हणजे दातच, असं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळांची लाळ वाढते, आपल्याला हात आहेत याचा शोध त्यांना तेव्हाच लागतो, आणि दात मात्र अजून दोन-तीन महिने लांब असू शकतो.

म्हणून नखं कापा, हात साबणाने धुवा, बाळाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर आडवं घ्या आणि बोट खालच्या हिरडीच्या पुढच्या भागावरून हळूच फिरवा. दात जवळ आला असेल तर तिथे फुगीर आणि जरा कडक लागतं. कधी आतून पांढरी रेघ दिसते. क्वचित दाताच्या जागी निळसर फुगवटा येतो. तो बघून छातीत धस्स होतं, पण दात वर आला की बहुतेक वेळा आपोआप जातो. टोचाटोची करू नका, डॉक्टरांना दाखवा.

साधारण क्रम असा: सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, मग बाजूचे. पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २२ महिन्यांत, मागच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाचे २० दात पूर्ण. पण चौथ्या महिन्यात दात दाखवणारी बाळं असतात, तशी पहिल्या वाढदिवसाला बोळकं हसणारीही असतात. वर्ष उलटूनही एकही दात नसेल तर डॉक्टरांना विचारा, त्याआधी जीव टांगणीला लावू नका. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या भावाने हे ऐकल्यापासून दर रविवारी डोंबिवलीहून फोन करून "कुठला आला?" एवढंच विचारलं. क्रम थोडा इकडेतिकडे होतो. मामाने निर्धास्त असावं.

एक हिशेब मात्र डोक्यात पक्का ठेवा. एका दाताचा त्रास साधारण आठवडाभराचा: फुटायच्या आधी चारेक दिवस, फुटला तो दिवस, आणि नंतर तीनेक दिवस. "महिनाभर दात येतायत म्हणून रडतेय" असं कुणी म्हणालं तर कारण दुसरं कुठलं तरी शोधा.

२. ओलं गार फडकं

सगळे उपाय करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त काम एका फडक्याने केलं, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. आजेसासऱ्यांचं जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. त्याचे रुमालाएवढे आठ चौकोन कापले आणि कडा शिवून घेतल्या, नाहीतर दोरे सुटून तोंडात जातात. मलमलचं जुनं दुपटं असेल तर तेही चालेल. नवं कापड असेल तर आधी दोन-तीनदा धुऊन त्याची खळ काढा.

फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचं, घट्ट पिळायचं, चार घड्या घालायच्या आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवायचं. फ्रीझरमध्ये नको. तिथे ते दगडासारखं होतं आणि नाजूक हिरडीला बर्फ चिकटून इजा होते. मग बाळाला मांडीवर घ्यायचं, फडक्याचं एक टोक आपल्या हातात धरायचं आणि दुसरं तिच्या ओठांशी न्यायचं. माझी लेक आधी तोंड वाकडं करायची, गारव्याने खांदे उडवायची, आणि दुसऱ्या क्षणी दोन्ही हातांनी फडकं ओढून हिरड्यांत असं धरायची की सोडवताना माझीच दमछाक व्हायची. पाचेक मिनिटांत ते कोमट होतं, मग दुसरं. टोक हातातून सोडू नका, आणि बाळाला फडकं देऊन ओट्याकडे वळू नका. वापरलेली फडकी रोज उकळायची.

पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजचा भरवसा नसतो. तेव्हा माठ कामी येतो: झाकणाच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी आणि फडकं घालायचं आणि ती वाटी माठातल्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात ठेवायची. फ्रीजइतकं गार होत नाही, पण पुरतं. माठाचं पाणी थेट फडक्याला नको, विशेषतः इमारतीत टँकरचं पाणी येत असेल तर.

फडकं गार होईपर्यंत नुसतं बोट. स्वच्छ, ओल्या बोटाने हिरडीवर जरा दाब देत मिनिट-दोन मिनिटं चोळायचं. दूध पाजायच्या आधी हे केलं की बाळ शांतपणे पितं, नाहीतर ओढायला गेलं की हिरडी ठणकते आणि ते तोंड काढून रडत सुटतं.

३. चावायला काय द्यावं

फ्रीजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा, फुगीर बाजू हिरडीला लावून, आपल्या हातात धरून. दात येईपर्यंत हे छान. दात आल्यावर चमचा चावला की दाताला लागतं.

विकतचं टीदर (बाळाने चावायचं खेळणं) घ्यायचं तर सिलिकॉनचं, एकसंध, जोड नसलेलं घ्या. आत पाणी किंवा जेल भरलेलं घेऊ नका, फुटलं की ते सगळं पोटात. रंगीत लाकडी खुळखुळे बघायला गोड असतात, पण रंग कशाचा आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि टीदर, चोखणी, काहीही असो, दोरीने गळ्यात बांधायचं नाही.

आता खारकेबद्दल. सासूबाईंनी जांभळी नाक्यावरून चांगली मोठी, टणक खारीक आणली होती. "तुझ्या नवऱ्याने हीच चावलीय," हा त्यांचा पुरावा. पहिले चार दिवस लेकीने ती चघळली आणि खूश होती. खालचा दात वर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने खारकेचा एक लांब तंतू सोलून काढला आणि तो घशाशी अडकला. ती ओकारी काढत होती, तंतूचं टोक जिभेवर दिसत होतं, म्हणून मला दोन बोटांनी धरून ओढता आला. दिसत नसताना घशात बोट घालायचं नसतं, वस्तू आणखी आत जाते. त्या दिवसापासून खारीक, ज्येष्ठमधाची काडी, कच्चं गाजर आणि काकडीची फोड, चौघांनाही आमच्याकडे बंदी. सासूबाईंनी उरलेल्या खारका दुधात उकळून स्वतः खाल्ल्या.

याच निमित्ताने घरातल्या प्रत्येकाने हे शिकून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला श्वास घेता येत नसेल, रडता किंवा खोकता येत नसेल, तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्या. डोकं खाली, जबड्याला आधार. तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा थापा. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. डॉक्टरांकडून हे एकदा प्रत्यक्ष बघून घेतलंत तर उत्तमच.

सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झालं असेल तर गार खाणं बरं वाटतं: फ्रीजमधलं केळं कुस्करून, गार केलेलं नाचणीचं सत्त्व, चमचा-दोन चमचे साधं दही. मीठ, साखर, मध नको. दोन-तीन दिवस खाणं कमी झालं तरी दूध पीत असेल तर तोंडात कोंबू नका.

४. लाळ

ठाण्याच्या दमट हवेत दातांपेक्षा लाळेनेच जास्त पिडलं. हनुवटीखाली, मानेच्या घड्यांत पुरळ उठतं, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तर घामोळं आणि लाळेचं पुरळ एकमेकांत मिसळून जातं. लाळेरी भरपूर शिवून ठेवा. आमच्याकडे दिवसाला सात-आठ लागायची. लाळ टिपायची, पुसायची नाही, घासलं की कातडी सोलवटते. अंघोळीनंतर आणि झोपायच्या आधी हनुवटीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. पावडर नको, ती ओलीत गोळा होऊन घड्यांत बसते आणि उडाली की श्वासात जाते. झोपताना लाळेरं काढून ठेवायचं.

५. रात्र

दिवसा बाळाचं मन रमतं. संध्याकाळी आम्ही तिला तलावपाळीवर न्यायचो. तिथल्या मासुंदा तलावाच्या पाण्यातले दिवे आणि बोटी बघताना ती दात विसरायची आणि आम्हीही. रात्री अंधारात तिच्याकडे त्या हिरडीशिवाय काही नसतं.

कडेवर उभं धरून फेऱ्या, छातीशी घेणं, अंगावर पाजणं, एवढंच खरं. पाजताना चावली तर झटक्यात ओढून काढू नका, आपल्यालाच इजा होते. करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, चोखण्याची पकड सुटते, मग बाजूला घ्यायचं आणि शांतपणे "नाही" म्हणायचं. आपण किंचाळलो की काही बाळांना तो खेळ वाटतो. माझीला वाटला.

फडकं, बोट, कडेवर घेणं, सगळं करूनही ती कळवळत असेल तर पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि ते रात्री बाराला नाही, आधीच विचारून वजनाप्रमाणे मात्रा लिहून फ्रीजवर चिकटवून ठेवा. मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी ७० ते १०५ मिलिग्रॅम. खरी गफलत बाटलीत होते. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, काहींत २५०. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमचाभर पाजली तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं. बाटलीवरचा आकडा दरवेळी वाचा, तिच्यासोबत आलेल्या ड्रॉपरनेच मोजा, आणि रात्री कुणी कधी दिलं ते लिहून ठेवा, नाहीतर आई देते आणि तासाभराने बाबाही देतात. ॲस्पिरिन लहान मुलांना कधीच नाही.

६. हे घरात आणूच नका

टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना लावणं हा आपल्याकडचा जुना उपाय. माझ्या आईनेही सुचवला होता. यातल्या दोन्ही वस्तू बाळाला घातक आहेत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो अंगात साठत जातो. मध आणि बोरॅक्समध्ये बुडवलेली चोखणी दिलेल्या बाळांना झटके आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. मधात बोट्युलिझमचे जिवाणू असू शकतात, मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि त्याचे स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्ष होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला चौघांनाही लावलाय." मी म्हटलं, "आई, आमचं नशीब." त्यावर ती जे काही म्हणाली ते इथे लिहीत नाही.

हिरडी बधिर करणारी जेल. नाक्यावरच्या केमिस्टने चिठ्ठी न मागता माझ्या हातात ठेवली होती. ट्यूबवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा: बेन्झोकेन किंवा लिडोकेन असेल तर परत करा. बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद एकदम घटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नका असं बजावलं. लिडोकेन जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. आणि लाळेबरोबर ही जेल पाच मिनिटांत वाहूनच जाते, मग आपण पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, आणि धोका तिथेच वाढतो.

दात येण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या गोड गोळ्यांत बेलाडोना (एका विषारी वनस्पतीचा अर्क) असू शकतं. अमेरिकेत २०१७ मध्ये तपासल्या गेलेल्या काही गोळ्यांत त्याचं प्रमाण लेबलपेक्षा जास्त निघालं होतं. लवंगेचं तेल मोठ्यांच्या दाढेला ठीक, बाळाच्या हिरडीला भाजतं. ब्रँडीचं बोट तर नाहीच. अंबरच्या मण्यांची माळ हल्ली भेट म्हणून येते. तिने दुखणं थांबत नाही, पण गळ्याला फास आणि घशात मणी, दोन्ही होऊ शकतं. काळ्या मण्याचा गोफ गळ्यात असेल तर तोही पायात घाला, दृष्ट पायावरूनही टळते.

७. जुलाब आणि ताप दातांचे नसतात

हे मी चूक करून शिकले. आठव्या महिन्यात वरचे दात यायला लागले आणि लेकीला पातळ शी सुरू झाली, दिवसातून सहा-सात वेळा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दातांचे जुलाब, दात आले की थांबतील." सासूबाई तेच म्हणाल्या, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीही तेच. मीही दीड दिवस तेच म्हणत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी लंगोट बदलायला गेले तर सकाळपासून लंगोट कोरडा. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नाही. डोक्यावरून हात फिरवला तर टाळू आत गेलेली. रिक्षा करून तशीच डॉक्टरांकडे पळाले.

डॉक्टरांनी समजावलं ते इतकं साधं होतं की आपल्याला आधी का सुचलं नाही असं वाटलं. सहा ते बारा महिने याच वयात दात येतात, याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, आणि याच वयात बाळ रांगायला लागून हाती लागेल ते तोंडात घालतं. तिन्ही एकाच वेळी घडतं आणि आळ एकट्या दातावर येतो. मला आठवलं, दोन दिवसांपूर्वी रिक्षात लेक ड्रायव्हरमागच्या दांड्याला तोंड लावून तो मनसोक्त चावत होती, आणि मी हसून फोटो काढला होता.

ही चूक माझ्या एकटीची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मृत्यूच्या नोंदींत हजारो बाळांच्या नावापुढे कारण म्हणून 'दात येणे' लिहिलं जायचं. पुढे बाळांना दातांसाठी पारा असलेल्या पावडरी दिल्या गेल्या आणि त्या पावडरींनीच बाळं आजारी पडायची. त्या पावडरी तिथल्या बाजारातून निघाल्या १९५४ च्या सुमाराला.

तर दात येताना अंग किंचित कोमट लागणं चालतं. थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्यापुढे गेलं तर तो ताप, आणि त्याचं कारण डॉक्टरांनी शोधायचं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर लगेच, रात्र असली तरी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस झाल्यावर आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप येऊ शकतो, तोही दातांच्या खात्यात जातो, तेव्हा लसीचं कार्ड काढून तारीख बघा. जुलाब, उलट्या, अंगभर पुरळ, ताप आणि सोबत कान ओढणं, दूध नाकारणं, मलूल पडून राहणं, यातलं काहीही असेल तर दवाखाना. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा टाळू खोल गेली तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

जुलाबांना घरी करायचं ते ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात, मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्याने. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असा अंदाजाचा कारभार नको, मीठ जास्त होतं. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. गोड पेयाचे टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सोबत डॉक्टर झिंक देतात. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे.

८. दात आला, आता ब्रश

पहिला दात वर आल्या दिवसापासून सकाळी आणि रात्री झोपताना. सगळ्यात मऊ, लहान डोक्याचा ब्रश आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. दाण्याएवढी म्हणजे खरंच दाण्याएवढी, जाहिरातीतल्यासारखी लांबलचक नाही. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवायचं नाही, रात्रभर दूध दातांवर साचतं आणि पुढचे दात किडतात. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून आणा.

बाळाला मांडीवर उताणं घेऊन डोकं आपल्या पोटाशी टेकवलं की आत नीट दिसतं. माझी लेक घासू देत नाही, ब्रशच चावत बसते. मी तिला मिनिटभर चावू देते, पुढची हिरडी तेवढ्यात चोळली जाते. मग तो काढून घेऊन हातात जुना, कोरडा ब्रश देते आणि तिचं लक्ष तिकडे असताना चारही दात उरकते.